लंकावीचा फुल आयर्नमॅन: उकाडा, चढउतार आणि आपण हौशी मंडळी

सायकलखुळा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात मलेशियातल्या लंकावी बेटावर फुल आयर्नमॅन आहे, त्यासाठी नाव नोंदवलंय. पैसे भरून झाले, घरी सांगूनही झालं, म्हणजे आता माघार नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ३.८ किलोमीटर पोहणं, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणं. सलग, एकाच दिवशी. एकूण मुदत १७ तास. पोहून २ तास २० मिनिटांच्या आत बाहेर यायचं आणि सुरुवातीपासून साडेदहा तासांच्या आत सायकल टेकवायची. नाही जमलं तर तिथेच थांबवतात.

माझं म्हणाल तर राहायला पुण्यात, वय त्रेचाळीस, नोकरी खुर्चीवरची. गोव्याचा हाफ (निम्म्या अंतराचा आयर्नमॅन) वेळेत पूर्ण केलाय, त्यामुळे समुद्राची भीती गेलीय. वजन ७५ किलो, एफटीपी (जीव तोडून तासभर टिकते ती ताकद) २०० वॅट. सायकल साधी रोडबाईक, गिअर पुढे ५० आणि ३४ दाती, मागे ११ ते २८ दाती, हँडलला एअरोबार (वाकून हात टेकवायच्या दांड्या) लावलेत. रविवारी पहाटे सिंहगड नाहीतर बोपदेव, कधी टेमघरवरून लवासा.

धास्ती दोन गोष्टींची आहे. एक तिथला उकाडा, दुसरा सायकलचा रूट, जो म्हणे सारखा वरखाली करतो. एप्रिलात पुण्याच्या भर दुपारी ट्रेनिंग केलं की उकाड्याची सवय होईल ना? आणि सिंहगड चढणाऱ्याला तिथले चढ ते काय वाटणार? जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

चहाबाज

म्हणजे पैसे भरून, विमानात सायकल घालून, परमुलखात जाऊन १७ तास घाम गाळायचा. शेवटी हातात काय, तर मेडल आणि टॉवेल. आमच्याकडे सोयाबीन काढणीला या की राव. घाम तेवढाच निघेल, वर दोन वेळचं जेवण.

(गंमत करतोय. वाचतोय, येऊ द्या.)

आरेवारे

सायकलखुळा, अभिनंदन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे आणि दुसऱ्याचं 'वाटणार, चांगलेच वाटणार', म्हणून जरा लांब लिहितो.

पुण्याचा एप्रिल म्हणजे कोरडी भट्टी. पारा ३८-४० वर जातो खरा, पण घाम आला की वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. लंकावीत पारा ३१-३२ च्या आसपास असतो. आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण हवा इतकी दमट की घाम वाळायलाच तयार नाही, नुसता कोपरावरून टपकत राहतो. टपकून गेलेल्या घामाने अंग थंड होत नाही, पाणी मात्र जातं. शिवाय एप्रिलात लागलेली उष्णतेची सवय दोन-चार आठवड्यांत उतरते, ती नोव्हेंबरात कशी कामाला येणार?

तुम्हाला हवा तसा उकाडा आपल्याकडे ऑक्टोबरात मिळतो, आणि तोही घाटावर नाही, खाली कोकणात. पाऊस नुकताच गेलेला, जमीन ओली, वर रणरणतं ऊन. मुंबई-ठाण्याची मंडळी ऑक्टोबर हीटला शिव्या घालतात, पण नोव्हेंबरात लंकावीला जाणाऱ्याला याहून चांगला महिना मागूनही मिळणार नाही.

आता चढ. सिंहगडाला एकच मोठा चढ असतो. लय धरली की तासभर ती सोडायची नाही, वर पोचलात की पिठलं-भाकरी आणि ताक. लंकावीत तसं नाही. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर गुनुंग राया, ८८१ मीटर, पण शर्यत त्याच्या माथ्यावर जात नाही. तिथले चढ छोटे आहेत, पण उभे, आणि एकाला लागून दुसरा. दाताईच्या बाजूला जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर तर लय म्हणून लागतच नाही. उतारावर पाय मोकळे होतायत तोवर पुढचं वळण, आणि वळणापलीकडे पुन्हा चढ. रूट दोन फेऱ्यांचा, त्यामुळे पहिल्या फेरीत ज्याला हसत चढलात तोच चढ भर दुपारी पुन्हा समोर येतो.

याचा सराव सिंहगडावर होणार नाही. आमच्याकडे या. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे, पुढे जयगडपर्यंत. किंवा दापोलीकडे हर्णै, आंजर्ले, केळशी. समुद्राच्या पातळीवरून वर, परत खाली खाडीला, परत वर. दमट हवेसकट सगळं तेच.

आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: या शर्यतीत चढावर वेळ कमवायला जाऊ नका. शेजारचा पुढे गेला म्हणून जागेवरून उठून पेडल मारणारे मी संध्याकाळी पाहिलेत, मॅरेथॉनच्या आठव्या-दहाव्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून चालताना. चढावर वाचवलेली पाच-सात मिनिटं तिथे तासाने फेडावी लागतात.

पुलंपाठी

साष्टांग! असं काही वाचलं की आमचं पर्वतीला जाणंसुद्धा व्यायाम वाटेनासं होतं. लिहिते राहा.

वॅटवाला

आरेवारे, मुद्दा मान्य. पण 'चढ जपून चढा' म्हणजे नेमकं किती जपून? यांच्याच आकड्यांवरून बघू.

वजन ७५, सायकल-बाटल्या-सामान धरून १०, म्हणजे ८५ किलो. १० टक्क्यांचा चढ. आता ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), पुढे ३४ दाती. पायांचा वेग मिनिटाला ६० फेऱ्यांवर आला, तरी ताशी साधारण ९.२ किलोमीटरचा वेग होतोच. त्या वेगाने तो चढ चढायला सव्वादोनशे वॅटच्या आसपास लागतात. एफटीपी २०० आहे, म्हणजे जीव तोडून तासभर जेवढी ताकद टिकते त्याहून जास्त! थोडक्यात, या सायकलवर तुम्हाला जपून चढताच येणार नाही, गिअरच तशी मुभा देत नाही.

तेच मागे ११-३४ लावा. ६० फेऱ्यांवर वेग ७.६, ताकद साधारण १८५ वॅट. अजूनही जास्तच आहे, पण एफटीपीच्या आत आलात. म्हणून माझा सल्ला साधा: एअरो हेल्मेट आणि कार्बनच्या चाकांवर पैसे घालण्याआधी कॅसेट बदला. खर्च त्या चाकांच्या मानाने काहीच नाही. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दाती झेपणारा आहे का ते सायकलवाल्याला दाखवून घ्या. नसेल तर मध्यम किंवा लांब केजचा लागेल, चेनही लांब करावी लागेल.

एकूण सरासरी एफटीपीच्या ६५ ते ७० टक्के धरा, म्हणजे १३०-१४० वॅट. अगदी उभ्या चढांवर १८० च्या आसपास, पण दोन-तीन मिनिटांच्या वर नाही. पॉवरमीटर घ्या आणि त्याला देव माना.

आरेवारे

वॅटवाला, गिअरचं गणित झकास. पण देव मानण्याबद्दल मतभेद आहेत.

तुमचा पॉवरमीटर पायाने किती जोर लावला तेवढंच सांगतो, बाहेर किती उकडतंय हे त्याच्या गावीही नसतं. एअरकंडिशनर लावलेल्या खोलीत ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) काढलेली १४० वॅट आणि दुपारी एक वाजता, दमट हवेत, चौथ्या तासाला काढलेली १४० वॅट एकच का? आकडा एकच दिसतो, आतली किंमत वेगळी. पॉवरमीटरकडे बघत इमानदारीने १४० धरून ठेवलेली माणसं टी-टूमध्ये (सायकल ठेवून धावायला निघतात तिथे) खुर्चीवरून उठली नाहीत, असं मी पाहिलंय.

वॅटवाला

मग काय, अंदाजपंचे दाहोदरसे? 'कसं वाटतंय' यावर सोडलं तर पहिल्या दोन तासांत सगळ्यांनाच छान वाटतं. टेपरिंग (शर्यतीआधी सराव कमी करणं) झालेलं असतं, अंगात जोर असतो, आजूबाजूला गर्दी, टाळ्या. तिथेच माणूस भसाभसा ताकद उधळतो. मीटर निदान हात धरून थांबवतो.

नाडीपरीक्षा

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका.

पेशाने डॉक्टर आहे, सायकल हौसेने चालवतो. उष्णतेत काय होतं ते सांगतो. हृदयाला रक्त दोन जागी एकदम पोचवायचं असतं: काम करणाऱ्या स्नायूंना आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेला. घामाने रक्तातलं पाणीही कमी होत जातं. मग दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. म्हणून वॅट तेच राहतात आणि हार्टरेट तासागणिक वर सरकत जातो. आतड्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी रक्त उरतं, आणि सहाव्या-सातव्या तासाला एनर्जी जेल तोंडात घातलं की उलटी येते ती त्यामुळे. पोट बिघडलं असं आपण म्हणतो, खरं तर अंग तापलेलं असतं.

तेव्हा दोन्ही वापरा. पॉवरमीटर वरची मर्यादा ठरवण्यासाठी, म्हणजे सुरुवातीच्या उत्साहात उधळण होणार नाही. आणि हार्टरेट वॅट कधी कमी करायचे ते ठरवण्यासाठी. लांब राइडमध्ये आरामात टिकतो तो हार्टरेट तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या वर गेला आणि उतारावरही खाली येईना, तर वॅट कमी करा, मीटर काहीही म्हणो. १४० चे १२० झाले तर होऊ द्या.

सवय लावण्याबद्दल: उष्णतेत रोज तास-दीड तास हलका व्यायाम, असे १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या पाच-सात दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो आणि हार्टरेट खाली येतो. पुढे घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे सगळं शर्यतीच्या आधीच्या तीनेक आठवड्यांत बसवा. आणि व्यायाम हलकाच. उन्हात इंटरव्हल (थांबून थांबून जोरात चालवणं) मारून आजारी पडून माझ्याकडे येऊ नका.

सायकलखुळा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कॅसेटचं आजच सायकलवाल्याशी बोलतो.

डॉक्टरसाहेब, पिण्याचं कसं करायचं तेही सांगा. गोव्यात मी साधं पाणी भरपूर प्यायलो, सोबत सॉल्टच्या गोळ्या. इथे ग्रुपमधले कोणी म्हणतात तासाला दीड लिटर प्या, कोणी म्हणतात ओआरएसवर काढ.

नाडीपरीक्षा

तासाला दीड लिटर कुणी सांगितलं? त्याला सांगा पोट एका तासात साधारण एक लिटरच्या वर पुढे सोडत नाही. उरलेलं पोटात डुचमळत बसतं.

आधी स्वतःचा घाम मोजा. एक तास सायकल चालवा, आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे एक लिटर घाम, मध्ये जे प्यायलात ते त्यात मिळवायचं. हे पुण्यातल्या थंड पहाटे करू नका, दमट दुपारी करा, नाहीतर आकडा फसवेल. घाम लिटर-सव्वा लिटर जात असेल तर तासाला ७००-८०० मिली पिऊन चालतं. शेवटी वजन दोन-अडीच टक्के उतरलं तर काही बिघडत नाही.

उलट वजन वाढलं तर काळजी करा. साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. डोकं दुखणं, मळमळ, हाताची बोटं सुजणं, अंगठी-घड्याळ घट्ट होणं, पुढे बरळणं आणि झटकेही. पाणी कमी पडलंय असं समजून अशा माणसाला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण जिवावर बेततं.

ओआरएसचं गणित वेगळं आहे. एका लिटरमध्ये ७५ मिलिमोल, म्हणजे साधारण १.७ ग्रॅम सोडियम. मीठ भरपूर, पण ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. ते जुलाबाच्या पेशंटसाठी बनवलेलं आहे. त्यावर १८० किलोमीटर चालवलीत तर मीठ मिळेल, इंधन मिळणार नाही.

आपलं लिंबू सरबत घ्या की. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं आणि आतड्यात दोघांचे दरवाजे वेगळे. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या पुढे शोषलं जात नाही, फ्रुक्टोजची जोड असली की ९० पर्यंत जाता येतं. त्यासाठी पोटालाही सराव लागतो, म्हणून दर रविवारी राइडवर तेच प्या जे शर्यतीत पिणार आहात. तुम्ही ६० ते ७० ग्रॅमवर थांबा, पुरे.

आणि हात जोडून एक विनंती. शर्यतीच्या दिवशी ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यांपैकी काहीही घेऊ नका. आधीच मूत्रपिंडाकडे रक्त कमी जात असतं, त्यात या गोळ्या. घरी आल्यावर लघवी कोकाकोलाच्या रंगाची दिसली तर 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून झोपून राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

जुनाभिडू

पाण्यावरून आठवलं. आयर्नमॅन शर्यत पहिल्यांदा झाली १९७८ साली, हवाईच्या ओआहू बेटावर. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. तेव्हा आजच्यासारखी पाण्याची ठाणी नव्हती, ज्याने त्याने आपली माणसं सोबत आणायची. दुसरा आलेला जॉन डनबार मॅरेथॉनमध्ये असताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. पहिला आला गॉर्डन हॅलर, पावणेबारा तासांच्या थोडं वर.

डॉक्टर, यावर आपलं मत?

नाडीपरीक्षा

मत असं की दुसरा का आला ते कळलं.

सिंगापूरचा मावळा

वा, धागा रंगलाय. मी इथे सिंगापुरात राहतो, आमच्याकडे बारा महिने लंकावीसारखीच हवा. त्यामुळे सरावाचं कौतुक नाही, पण काही बारीकसारीक गोष्टी लिहितो.

घड्याळ लक्षात घ्या. मलेशिया भारताच्या अडीच तास पुढे आहे, पण सूर्य काही तेवढा पुढे नाही. तिथे सातच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला मावळतं. आता सायकलखुळांसारखा माणूस धरा: पोहायला दीड तास, सायकलला सात-साडेसात. म्हणजे धावायला लागेपर्यंत साडेचार-पाच वाजलेले. दुपारचं सगळं ऊन सायकलवर खायचंय आणि अर्ध्याहून जास्त मॅरेथॉन अंधारात. लोक उन्हात धावायची तयारी करतात आणि सनस्क्रीन लावतात धावायच्या आधी! लावायचं ते पाण्यातून बाहेर आल्यावर, टी-वनमध्ये. मान, कान, गुडघ्यांच्या मागची बाजू. एअरोबारवर वाकल्यावर पाठीचा खालचा भाग उघडा पडतो, तिथेही.

अंधार झाला म्हणून गार होत नाही. ऊन जातं, दमटपणा राहतो. बर्फ मिळेल तिथे घ्या, टोपीत घाला, टोपी डोक्यावर घट्ट दाबा. ट्रायसूटच्या (तिन्ही प्रकारांत चालणाऱ्या घट्ट पोशाखाच्या) छातीत मूठभर टाका. हातात एकेक खडा धरून धावलं तरी फरक पडतो. फक्त बूट ओले होऊ देऊ नका, दहा किलोमीटरनंतर तळव्यांना फोड आलेच म्हणून समजा. जादा मोजे लाल पिशवीत ठेवा. (निळी पिशवी सायकलच्या सामानाची, लाल धावण्याच्या.)

त्या दिवसांत तिथे दुपारी धो धो पाऊसही येतो. जंगलातले उतार ओले झाले की निसरडे होतात. ब्रेक आधी लावा, वळणात नाही. माकडंही आहेत, उतारावर ती मध्ये आली तर ओरडत बसू नका, वेग कमी करा. एक सोय म्हणजे वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने.

पहाटपाखरू

इतक्या दादालोकांत मीही लिहिते. ठाण्याची आहे, लंकावी केलेलं आहे, वेगाने हळूच आहे. खरं सांगायचं तर या सगळ्या सल्ल्यांची गरज हळू असणाऱ्यांनाच जास्त. नऊ-दहा तासांत संपवणारा उकाड्यात जेवढा वेळ असतो त्याहून कितीतरी तास जास्त आम्ही असतो.

पोहण्याबद्दल कुणी बोललंच नाही. पाणी कोमट असतं. २४.५ अंशांच्या वर वेटसूट (पोहायचा रबरी सूट) घालून बक्षिसाला पात्र राहता येत नाही आणि २८.८ च्या वर तर वेटसूटला बंदीच. त्यामुळे वेटसूटने तरंगायची सवय लावून घेऊ नका. कोमट पाण्यात अंग आतून तापतं आणि ते कळतही नाही. दमदार सुरुवात केली की बाहेर येताना तोंड लालबुंद. पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू. काखेत आणि मानेला व्हॅसलिन भरपूर, खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटते आणि पुढे दिवसभर त्यावर घाम. समुद्राचा सराव कमी असेल तर मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात पोहण्याची स्पर्धा असते. यंदाच्या लंकावीला ती उपयोगाची नाही, पण पुढच्या मंडळींनी जरूर करावी.

बायकांसाठी: शर्यतीची तारीख पाळीच्या आधीच्या दिवसांत येत असेल तर धसका घेऊ नका, पण माहीत असू द्या. त्या दिवसांत शरीराचं तापमान मुळातच थोडं वर असतं, ०.३ ते ०.५ अंश. उकाडा लवकर जाणवतो, हार्टरेट वर दिसतो. त्या दिवशी थोडं आणखी सावकाश. आणि एकसंध ट्रायसूटपेक्षा दोन भागांचा घ्या. ओल्या अंगावरून तो एकसंध प्रकार टॉयलेटमध्ये उतरवणं आणि परत चढवणं हा चौथा खेळ आहे.

सरावाची खरी अडचण आमच्यासाठी ऊन नाही, रस्ता आहे. पहाटे चारला एकटीने हायवेवर जाणं मला पटत नाही. कुत्री मागे लागतात, ट्रकवाले मुद्दाम हॉर्न मारतात. मी लांब राइड ग्रुपबरोबर करते आणि मधल्या वारी ट्रेनरवर, पंखा बंद करून. घरचे म्हणतात वेड लागलंय. ठाण्याच्या ऑक्टोबरात बंद खोलीत पंख्याशिवाय तासभर पेडल मारलं की खाली घामाचं तळं, पण उष्णतेची सवय त्यातून फुकटात झाली. (एकट्याने करू नका, घरात कुणीतरी असू द्या. बाटली आणि टॉवेल हाताशी.)

वॅटवाला

पहाटपाखरू ताई, पंखा बंद करायची युक्ती उत्तम. त्यात वॅट मात्र कमी ठेवा, हार्टरेटवर चालवा.

(होय आरेवारे, मीच लिहितोय हे.)

आरेवारे

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सायकलखुळा

खाण्याचं काय? बाजारातली जेल्स मला तीन-चारच्या पुढे सहन होत नाहीत. राइडवर मी चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू नेतो.

पहाटपाखरू

राजगिऱ्याचा लाडू चालेल, पण उन्हात तोंड कोरडं असताना तो घशाखाली उतरत नाही, भुसा होतो. चिक्कीत शेंगदाणे, म्हणजे चरबी, पचायला वेळ. शिवाय दमट हवेत गूळ पाझरतो, खिशात चिकट लगदा. मी उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून नेते, आणि केळं. पहिले तीन-चार तास खाणं, नंतर फक्त पिणं. सायकलचा शेवटचा तास पोटाला मोकळा ठेवा. धावताना पाण्याच्या ठाण्यावरचा कोला, ३३० मिलीच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. पण एकदा कोला सुरू केला की शेवटपर्यंत चालू ठेवायचा, मध्ये सोडला की माणूस गळपटतो.

सिंगापूरचा मावळा

बटाट्याला अनुमोदन. सायकलच्या अर्ध्या वाटेवर स्वतःची पिशवी मिळते, त्यात मी घरचा दहीभात ठेवला होता. वाईट कल्पना. चार तास उन्हात ठेवलेल्या दह्याचं काय होतं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

चहाबाज

जेवत होतो.

नवशिक्या

एक बाळबोध प्रश्न. १८० किलोमीटर एकट्यानेच ओढायचे का? आमच्या सायकल ग्रुपमध्ये सगळे एकामागे एक चिकटून चालवतात, वारा लागत नाही.

वॅटवाला

शर्यतीत ते चालत नाही. पुढच्याच्या मागे १२ मीटरच्या आत राहायचं नाही. आत शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. नाहीतर मोटारसायकलवरचा रेफरी निळं कार्ड दाखवतो आणि पाच मिनिटं तंबूत बसायला लागतं. उभ्या चढांवर सगळे एकत्र गोळा होतात, तिथे सांभाळा. चढावर तसाही मागे लपून फायदा नसतो, वेगच एवढा कमी.

सायकलखुळा

अपडेट. सायकलवाल्याने ११-३४ लावून दिली, डिरेलर बदलावा लागलाच. काल बोपदेव त्या गिअरवर चढलो. वेळ जास्त लागला, वर पोचल्यावर हार्टरेट नेहमीपेक्षा बराच कमी होता आणि मुख्य म्हणजे नंतर लगेच अर्धा तास धावलो, पाय जड नव्हते. घाम मोजून झाला, तासाला लिटरच्या थोडा वर.

ऑक्टोबरातले दोन शनिवार-रविवार रत्नागिरीसाठी काढलेत. आरेवारे, राहायची सोय सुचवाल का? आणि मावळे, सायकल विमानात कशी नेऊ? हार्ड बॉक्स भाड्याने मिळतोय.

आरेवारे

आमच्या घरी या, हॉटेल कशाला? शनिवारी दुपारी दीडला निघायचं, मुद्दाम. गणपतीपुळे-जयगड-परत, मग गाडी लावून किनाऱ्यालगत धावायचं. जेवायला मासे की शाकाहारी ते कळवा. वॅटवाला, तुम्हीही या, मीटर आणलात तरी चालेल.

सिंगापूरचा मावळा

हार्ड बॉक्स घ्या. सीट, पेडल, हँडल काढा, टायरची हवा कमी करा आणि मागचा डिरेलर फ्रेमवरून सोडवून, कापडात गुंडाळून आत बांधा. तो लटकता ठेवला तर धक्क्याने हँगर (डिरेलर धरून ठेवणारा फ्रेमवरचा तुकडा) वाकतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि लंकावीत ऐनवेळी तुमच्या सायकलचा मिळेलच असं नाही, तेव्हा एक जादा सोबत असू द्या. हवेच्या छोट्या गॅस काडतुसांबद्दल एअरलाइनला आधी विचारा, नाहीतर बॅगेतून काढून ठेवतात. हातपंप न्या. तिथे पोचलात की त्याच दिवशी सायकल जोडा आणि चढावर सगळे गिअर टाकून बघा, विशेषतः ते ३४ चं. प्रवासात सेटिंग हललेलं असेल तर चेन त्याच गिअरवरून स्पोकमध्ये जाते.

सायकलखुळा

हँगरचा मॉडेल नंबर शोधून ऑर्डर केला. मासे चालतील, सुरमई असेल तर उत्तम. शनिवारी अकरापर्यंत पोचतो.